जुन्या लॅपटॉपवर चॅटरूमचा सर्व्हर लावलाय, घरात चालतो पण बाहेरच्यांना येताच येत नाहीये

रामबागवाली (इंदूर)

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, अर्धवट विचारलं की उत्तरंही अर्धवट मिळतात.

आमचा रामबागेत जुना वाडा होता, समोर लांबच लांब ओटला. आजोबांच्या वेळेपासून रात्री जेवणं उरकली की आजूबाजूचे आठ-दहा जण तिथे येऊन बसायचे, कोणी बोलायचं, कोणी नुसतं ऐकायचं, दहा वाजले की आपापल्या घरी. चार वर्षांपूर्वी वाडा पाडला, फ्लॅट झाले, आणि सगळे पांगले. कोणी सुदामा नगरला, कोणी देवासला, मावशी उज्जैनला, भाऊ बंगलोरला. व्हॉट्सअपचा ग्रुप आहे पण त्यात दिवसभर फुलांचे फोटो आणि फॉरवर्ड येत राहतात आणि एखाद्याने खरंच काही सांगितलं तर ते त्या ढिगाखाली जातं. मला नुसत्या अक्षरांची एक खोली हवी आहे. रात्री नऊला लोक आले, बसले, बोलले, उठून गेले, बस एवढंच. आणि ती दुसऱ्या कोणाच्या कंपनीत नको, आपल्याच घरात हवी, कारण ओटलाही आपलाच होता ना.

तर भाच्याने माझ्या २०१३ च्या लॅपटॉपवर (४ जीबी रॅम) लिनक्स मिंट टाकून दिलं. मी आयआरसीबद्दल (इंटरनेटवर नुसत्या अक्षरांत गप्पा मारायची जुनी पद्धत) वाचलं आणि एनजीआयआरसीडी नावाचा सर्व्हर सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच टाकला. पहिल्यांदा सुरूच होईना, मग कळलं की सर्व्हरच्या नावात निदान एक टिंब असायलाच लागतं, मी नुसतं ओटला लिहिलं होतं. ते सुधारलं आणि चालू झाला! घरातल्या वायफायवर माझा फोन, आईचा फोन, दोन्ही जोडले गेले, आईने पहिलं वाक्य लिहिलं "अगं खरंच दिसतंय की", मला फार आनंद झाला.

पण बाहेरून काहीच नाही. राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं (बाहेरून येणाऱ्याला घरातल्या यंत्राकडे वळवायचं सेटिंग), ६६६७ नंबरचा पोर्ट, म्हणजे आयआरसीचं नेहमीचं दार, लॅपटॉपच्या १९२.१६८.१.१० ला दिला, फायरवॉल उघडली, दोन रात्री त्यात गेल्या. भाऊ तिकडून जोडायला बघतो तर नुसतं फिरत राहतं आणि टाईमआऊट. फायबर कंपनीला फोन केला तर म्हणाले तुमचं नेट चालू आहे मॅडम, आणि तक्रार बंद करून टाकली.

काय चुकून राहिलंय? आणि अजून एक, टोपणनाव मराठीत का घेत नाही? मी देवनागरीत लिहिलं की चूक दाखवतो. चॅनलचं नाव मात्र #ओटला असं मराठीत छान घेतलं.

तारजोडणी (इंदूर, विजय नगर)

ताई, सर्व्हरला हात लावू नका, तो ठीक आहे. आधी एवढं बघा. राऊटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी म्हणून एक आकडा असतो तो लिहून घ्या. मग गूगलमध्ये माझा आयपी काय असं शोधा आणि तिथे येतो तो आकडा लिहा. दोन्ही सारखे आहेत का? पूर्ण आकडा इथे टाकू नका, पहिले दोन भाग पुरे.

रामबागवाली

सारखे नाहीत. राऊटरमध्ये १००.७२ ने सुरू होणारा आहे, बाहेर दिसतो तो एकदम वेगळा.

तारजोडणी

मग झालं, सापडलं. तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनीने खूप घरांना मिळून एकच खरा पत्ता दिलाय. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवलेत, ते इंटरनेटवर कुठेच पोचत नाहीत, कंपनीच्या आतल्या आत फिरतात. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते एकूण ४२९ कोटी आणि वर काही, त्यांचा मुख्य साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला, म्हणून कंपन्या एका खऱ्या पत्त्यामागे खूप घरं बसवतात. तुमच्या वाड्याचंच घ्या, मोठा दरवाजा एक आणि आत बिऱ्हाडं दहा. आतून कोणी बाहेर गेलं तर दरवाजावरच्याला माहीत असतं हा कोणाकडचा, परत आला की बरोबर सोडतो. पण बाहेरून अनोळखी माणूस आला आणि नुसतं "६६६७ नंबर" म्हणाला तर तो कोणत्या बिऱ्हाडात पाठवणार? तुम्ही तुमच्या बिऱ्हाडाचं दार उघडं ठेवलंत ते बरोबरच केलंत, पण मोठा दरवाजा तुमच्या हातात नाही. म्हणजे ते पोर्ट फॉरवर्डिंग आता काढून टाका, त्याचा उपयोग शून्य.

कंपनीकडून पैसे भरून पब्लिक स्टॅटिक आयपी घेता येतो. मी माझ्या कामात गिऱ्हाइकांना कॅमेऱ्यांसाठी हे करून देतो पण तुम्हाला सांगणार नाही. कारण मिळाला तरी ६६६७ जगाला उघडा ठेवणं मला पटत नाही. हा पोर्ट फार बदनाम आहे, वर्षानुवर्षं व्हायरसवाल्यांनी लोकांच्या संगणकांना हुकूम द्यायला आयआरसीच वापरलं, त्यामुळे काही नेटवर्क तो बंदच ठेवतात आणि बाकी ठिकाणी यंत्रं दिवसरात्र तो ठोकत असतात. आणि साध्या ६६६७ वर बोलणं उघडं जातं, वाटेतला कोणीही वाचेल. एन्क्रिप्शनवाला ६६९७ वेगळा असतो.

दुसरा रस्ता टेलस्केलसारखं काहीतरी, म्हणजे लांबलांबच्या यंत्रांना इंटरनेटवरून आपसात जोडून देणारी सेवा. त्यात तुमचा लॅपटॉपच आतून बाहेर हाक मारतो म्हणून मोठ्या दरवाजाची अडचण राहत नाही. आधी सांगा, येणाऱ्यांपैकी किती जण फोनवर नवीन ॲप टाकून सेटिंग करू शकतील?

रामबागवाली

भाऊ आणि दोन मैत्रिणी करतील. बाकीच्यांचं अवघड आहे. मावशी ६८ वर्षांच्या आहेत, लिंक दाबली की उघडतं एवढं जमतं त्यांना, आणि मला त्या नक्की हव्या आहेत, त्याच सगळ्यात जास्त बोलायच्या.

बडोदेकर_काका (वडोदरा)

रामबागवाली, तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं म्हणून लिहितोय. मी २००० च्या आसपास दांडिया बाजारातल्या सायबर कॅफेत एमआयआरसी (आयआरसीवर बोलायचं विंडोजचं सॉफ्टवेअर) वापरायचो, रात्री उशिरापर्यंत, तेव्हा अमेरिकेत गेलेल्या दोन मित्रांशी तिथेच भेट व्हायची. फोनचे दर परवडायचे नाहीत आणि पत्राला पंधरा दिवस.

आयआरसी त्याहून जुनं आहे. ऑगस्ट १९८८ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन नावाच्या विद्यार्थ्याने लिहिलं. पुढे १९९१ मध्ये रशियात सत्ता उलटवायचा प्रयत्न झाला तेव्हा बातम्या अडवल्या होत्या आणि लोक याच्यावरून आतली खबर बाहेर देत होते. नियम कागदावर आले मे १९९३ मध्ये, आणि तुझा लॅपटॉप आजही साधारण तेच नियम पाळतोय. तुझं टोपणनाव नाकारतोय तेही त्याच कागदामुळे. टोपणनावात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं एवढंच चालतं, आणि लांबी नऊ अक्षरं. लांबी तुला वाढवता येईल, लिमिट्सच्या भागात मॅक्सनिकलेंथ आहे, २० कर. देवनागरी मात्र एनजीआयआरसीडी घेणार नाही. चॅनलच्या नावाला असं बंधन नाही, त्यात स्पेस, स्वल्पविराम असली दोन-चार चिन्हं सोडून काहीही चालतं, म्हणून #ओटला घेतलं. पूर्ण नावाचा वेगळा रकाना असतो त्यात देवनागरी लिहा सगळ्यांनी, कोणाची माहिती उघडली की ते दिसतं.

आता जे तुला कोणी सांगणार नाही ते. या नियमांत एका ओळीला ५१२ बाइट (संगणकात अक्षरं साठवायचं माप) मिळतात, त्यातच पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता, चॅनलचं नाव सगळं बसवायचं, म्हणजे बोलायला उरतात साधारण चारशे. इंग्रजीचं एक अक्षर एक बाइट, म्हणून त्यांना कधी कमी पडलं नाही. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट, आणि काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. "स्त्री" हा शब्द डोळ्याला एक अक्षर दिसतो, पण स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी, सहा चिन्हं, अठरा बाइट! तुझं #ओटला तेरा बाइटचं आहे. तर मराठीत एका दमात तू साधारण सव्वाशे-दीडशे चिन्हं पाठवू शकतेस, म्हणजे दोन मध्यम वाक्यं. चांगले क्लायंट, म्हणजे आपण ज्यातून बोलतो ती ॲप, आपणच तुकडे करून पाठवतात, पण काही जुने क्लायंट करत नाहीत आणि मग सर्व्हर शेपूट कापतो, कधीकधी अक्षराच्या मधोमध, आणि शेवटी प्रश्नचिन्हाचा डबा दिसतो. मावशींना सांगून ठेव की वाक्य झालं की पाठवायचं, परिच्छेद होईपर्यंत थांबायचं नाही. ओटल्यावरही आपण असंच बोलतो, वाक्य बोललं की समोरचा हं म्हणतो.

एकदा वेळ काढून क्लायंट बाजूला ठेव आणि टेलनेटने (सर्व्हरशी नुसत्या अक्षरांत थेट बोलायचं साधं साधन) थेट तुझ्या सर्व्हरला जोड, मग हाताने निकची, म्हणजे टोपणनावाची, ओळ लिही, युजरची ओळ लिही, जॉईन लिही. सर्व्हर तुझ्याशी बोलायला लागेल आणि तुला सगळं यंत्र उघडं दिसेल. मधेच तो पिंग म्हणेल, तू पाँग म्हटलं नाहीस तर मेली समजून काढून टाकेल. माझ्या नातवाला मी असंच शिकवलं, अर्ध्या तासात त्याला कळलं की चॅट म्हणजे आत नक्की काय होतं. आजच्या कुठल्या ॲपमध्ये हे दाखवता येईल सांग.

पलासियाकर (इंदूर)

काका भावना समजतात पण ताईंना चुकीच्या रस्त्याला लावू नका. आयआरसीत जुने मेसेज राहत नाहीत, फोटो नाहीत, फोनवर नेट दोन मिनिटं गेलं की माणूस बाहेर आणि मधलं बोलणं गेलं ते गेलंच. ताई प्रॉसडी लावा, एक्सएमपीपी नावाच्या दुसऱ्या चॅट पद्धतीचा सर्व्हर आहे, हलका आहे, ४ जीबीत आरामात चालेल, जुने मेसेज साठवतो, फोनवर व्यवस्थित ॲप आहेत, एन्क्रिप्शन पण. मी स्वतः घरच्या सहा जणांसाठी दोन वर्षं चालवून राहिलोय, एकदाही त्रास नाही. मॅट्रिक्स (अजून एक चॅट पद्धत) मात्र नका घेऊ, त्याचा नेहमीचा सर्व्हर रॅम खातो, तुमचा लॅपटॉप दमेल.

रामबागवाली

पलासियाकर दादा, मनापासून सांगितलंत म्हणून आभार, आणि कोणाला घरचं व्हॉट्सअप हवं असेल तर मी पण तुमचंच नाव सांगेन. पण मला फोटो नकोच आहेत. जुने मेसेज राहावेत असंही नाही. ओटल्यावर जो उशिरा आला त्याला आधीचं बोलणं माहीत नसायचं, मग कोणीतरी सांगायचं की अरे आत्ता हिच्या मुलीच्या लग्नाचं चाललं होतं, आणि त्यातून बोलणं परत सुरू व्हायचं. ते गेलं की मग परत तो ग्रुपच होतो.

काका, मी टेलनेट करून बघितलं, सर्व्हरने पिंग म्हटल्यावर अंगावर काटा आला खरंच.

तारजोडणी

ताई, मावशींसाठी रस्ता सांगतो. सर्व्हरच्या पुढे एक वेब क्लायंट बसवा, द लाऊंज नावाचा, नोडजेएसवर चालतो, त्याच लॅपटॉपवर. तो ९००० पोर्टवर पान दाखवतो आणि आतून तुमच्या आयआरसीला जोडतो. म्हणजे मावशींना फक्त ब्राउझर लागेल. ते पान घराबाहेर न्यायला टेलस्केलचं फनेल वापरा, त्यात तुमच्या लॅपटॉपला टीएस डॉट नेटने संपणारं एक नाव मिळतं, एचटीटीपीएससकट, आणि ती लिंक कोणीही उघडू शकतो, त्यांच्या फोनवर टेलस्केल लागत नाही. पहिल्यांदा सुरू करताना परवानगीची लिंक देतो ती एकदा मान्य करावी लागते. घरगुती वापराला पैसे नाहीत.

सेटिंगमध्ये चार गोष्टी चुकतात लोकांच्या. एनजीआयआरसीडीला ग्लोबलच्या भागात लिसन म्हणून ओळ आहे तिथे फक्त १२७.०.०.१ (लॅपटॉपचा स्वतःशीच बोलायचा पत्ता) लिहा, म्हणजे तो लॅपटॉपच्या बाहेर कोणाचं ऐकणारच नाही, ती बदनाम पोर्टची भानगडच संपली. द लाऊंजमध्ये होस्ट तोच, पोर्ट ६६६७, आणि टीएलएस, म्हणजे एन्क्रिप्शन, बंद करा, ते मुळात चालू असतं आणि मग तो ६६९७ शोधत बसतो. लॉकनेटवर्क चालू करा, नाहीतर लिंक हाती लागलेला कोणीही तुमच्या लॅपटॉपवरून जगातल्या दुसऱ्या आयआरसी सर्व्हरवर जाऊन दंगा करेल आणि पत्ता तुमचा दिसेल. आणि तो सध्या प्रायव्हेट मोडमध्येच ठेवा, प्रत्येकाला तुम्ही नाव-पासवर्ड करून द्यायचा.

अजून एक, सॉफ्टवेअर नेहमी मिंटच्या साठ्यातूनच किंवा मूळ जागेवरूनच घ्या. अनरियल नावाचा आयआरसी सर्व्हर आहे, चांगला आहे, पण जून २०१० मध्ये उघड झालं की त्याच्या काही डाउनलोडच्या जागांवर कोणीतरी फाईल बदलून मागचं दार ठेवलं होतं, नोव्हेंबर २००९ पासून, आणि इतके महिने कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यानंतर ते सही केलेल्या फाईली द्यायला लागले. आपण घरात दहा माणसं बसवतो तर एवढं बघायलाच पाहिजे.

रामबागवाली

कालचा शनिवार पूर्ण यात गेला पण झालं!! लिंक पाठवली, रात्री नऊला भाऊ आला, दोन्ही मैत्रिणी आल्या, आई आणि मी. पाच जण. आणि सहावी मावशी, तिलाच येईना. पासवर्ड बरोबर, पान उघडतं, चॅनलमध्ये मात्र जात नाही, लगेच तुटतं. मी तिला फोनवर तीन-तीनदा करायला लावलं, बिचारी म्हणाली जाऊ दे गं माझाच फोन खराब असेल. मग आईने डिस्कनेक्ट केलं आणि मावशी लगेच आत! आई परत यायला लागली तर आई बाहेर. पाचच्या वर जाईना.

तारजोडणी

मावशींचा फोन उत्तम आहे, सांगा त्यांना. चूक माझी, मी सांगायला विसरलो. एनजीआयआरसीडी एका आयपी पत्त्यावरून पाचच जोडण्या घेतो, लिमिट्समध्ये मॅक्सकनेक्शन्सआयपी म्हणून आहे. आधी घरात प्रत्येक फोनचा पत्ता वेगळा होता म्हणून कळलं नाही. आता सगळे द लाऊंजमधून येतायत म्हणजे सर्व्हरला सगळेच १२७.०.०.१ दिसतात, एकच माणूस सहा वेळा येतोय असं त्याला वाटलं. तिथे शून्य लिहा, शून्य म्हणजे मर्यादा नाही. बाहेरून थेट कोणी येत नाही त्यामुळे धोका नाही.

रामबागवाली

झालं! मावशी आली, आणि आल्या आल्या लिहिलं "कोण कोण आहे रे ओटल्यावर", मी दोन मिनिटं काही टाईप करू शकले नाही.

पण एक गोष्ट खटकून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं तर सगळ्यांची नावं यादीत तशीच, कोणीच गेलेलं नाही. भावाला विचारलं तर तो ऑफिसात होता, त्याने पान बंद केलेलं. मग रात्री खरंच कोण बसलंय आणि कोणाचं नुसतं नाव आहे ते कसं कळणार? आणि मधलं सगळं बोलणं साठवलेलं दिसलं, नवीन उघडलं की आधीचं सगळं वर येतं.

पलासियाकर

हे तर चांगलं आहे ना ताई, याच्यासाठी लोक बाउन्सर लावतात, झेडएनसी वगैरे, आपण नसताना आपल्या जागी जोडलेलं राहणारं सॉफ्टवेअर.

रामबागवाली

ज्याला हवं त्याला चांगलंच आहे दादा. मला माणूस गेला की नाव गेलेलं हवं.

तारजोडणी

प्रायव्हेट मोडचं कामच ते, तुम्ही पान बंद केलं तरी तो तुमच्या वतीने बसून राहतो आणि मेसेज डिस्कवर लिहून ठेवतो. तुम्हाला पब्लिक मोड हवा. त्यात पान बंद की माणूस बाहेर आणि काहीच साठत नाही. मी आधी सांगितलं नाही कारण पब्लिक मोडमध्ये लिंक असलेला कोणीही आत येतो. तेव्हा कुलूप आता सर्व्हरला लावायचं. एनजीआयआरसीडीच्या ग्लोबलमध्ये पासवर्डची ओळ आहे, तिथे सगळ्यांसाठी एकच लांब पासवर्ड ठेवा, मराठी म्हणीतले तीन-चार शब्द जोडून इंग्रजी अक्षरांत लिहिला तर मावशींच्या लक्षातही राहील. मात्र ऑप्शन्समध्ये पॅम (लिनक्सची नाव-पासवर्ड तपासायची पद्धत) नो केल्याशिवाय हा पासवर्ड चालत नाही, त्यात भल्याभल्यांची रात्र जाते. येताना पानावर पासवर्ड आहे असा चौकोन दिसेल तो टिक करून लिहायचा.

तोटा पण सांगतो. फोनची स्क्रीन बंद झाली किंवा दुसऱ्या ॲपमध्ये गेलं की थोड्या वेळात माणूस उठून गेल्यासारखा होईल, परत आत यावं लागेल.

बडोदेकर_काका

चॅनलला पी मोड लाव, मोठा पी, म्हणजे सगळे उठून गेले तरी #ओटला मिटणार नाही. नाहीतर आयआरसीत शेवटचा माणूस गेला की खोलीच नाहीशी होते आणि मग जो पहिला येईल तो मालक होतो. त्यापेक्षा कॉन्फिगमध्येच चॅनलचा भाग लिहून त्यात नाव, विषय आणि मोड देऊन ठेव, लॅपटॉप रिस्टार्ट झाला तरी खोली तयार असेल.

पलासियाकर

बरं मग माझ्याकडून पण दोन गोष्टी, दोन वर्षं घरी सर्व्हर ठेवून शिकलोय त्या. लॅपटॉपचं झाकण लावलं की तो झोपतो. लॉगिनडी डॉट कॉन्फ फाईलमध्ये हँडललिडस्विच आहे तिथे इग्नोर लिहा, आणि मिंटच्या पॉवर सेटिंगमध्ये पण झाकण लावल्यावर काही करू नको असं निवडा, नुसतं एक बदलून होत नाही. तसं झाकण उघडंच ठेवलेलं बरं, आपल्याकडे मे महिन्यात बंद खोलीत तापतं फार. आणि २०१३ ची बॅटरी सतत चार्जिंगला लावून ठेवताय तर आठवड्यातून एकदा बघा, टचपॅड वर आलाय का, खालचं कव्हर फुगलंय का. फुगली असेल तर लगेच काढा, ती दाबायची नाही, टोचायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही. बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालत असेल तर तसाच चालवा.

बिलाचं विचारलं नाहीत पण घरचे विचारतीलच. लॅपटॉप २० वॅट घेत असेल तर दिवसाला अर्ध्या युनिटच्या आत, महिन्याला १४-१५ युनिट. जुना डेस्कटॉप असता तर याच्या चौपट.

रामबागवाली

सगळं केलं. पॅममध्ये माझी पण रात्र गेलीच, स्पेलिंग चुकलं होतं. झाकणाचं पण केलं, बॅटरी सपाट आहे, बघितली.

काल दहा दिवस झाले चालू होऊन. सगळ्यात जास्त नऊ जण होते, एकदा तर लोकमान्य नगरचे आमचे जुने शेजारी काका मुलाच्या फोनवरून आले, वाड्याच्या मागच्या विहिरीत कोणाचा तांब्या पडला होता त्यावरून पाऊण तास, प्रत्येकाला वेगळंच आठवत होतं. विषयाच्या जागी मी "नऊ ते दहा, चप्पल खाली काढा" असं लिहिलंय, आजोबा असंच म्हणायचे. भाऊ परवा नऊ वाजता आला आणि दहापर्यंत एक अक्षर बोलला नाही, यादीत नुसतं नाव दिसत होतं. वाड्यावर पण तो खांबाला टेकून असाच बसायचा. दहा वाजता त्याचं नाव गेलं.

एकच राहिलं. लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो पण राऊटर बंद होतो आणि सगळे बाहेर. राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो म्हणतात, घेताना काय बघायचं?

तारजोडणी

राऊटरच्या अडॅप्टरवर लिहिलेलं वाचा, बहुतेक १२ व्होल्ट असेल, पुढे १, दीड किंवा २ अँपिअर. व्होल्ट तंतोतंत तोच हवा, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नको. पिनची जाडी आणि प्लस आत की बाहेर ते चिन्ह जुळवा. फायबरचा डबा आणि वायफायचा डबा वेगळे असतील तर दोन्हीला वीज लागेल, दोन तोंडांचा यूपीएस घ्या, पण मग दोघांचे अँपिअर मिळून बघा. दुकानात जाताना अडॅप्टर बरोबरच घेऊन जा, तिथेच लावून बघता येईल.